आज भांग हाय

१

पेटी उघडली तेव्हा आत डांबराच्या गोळ्या आणि एक मेलेलं झुरळ, एवढाच ऐवज होता.

त्या पेटीत एक अख्खी टाइप केलेली इंग्रजी कादंबरी असायला हवी होती. ती होती हे सगळ्या चिंचणीला ठाऊक होतं, कारण त्या टाइपरायटरच्या खडखडाटाने गावाची दुपारची झोप मोडायची. ती लिहिणारी अ‍ॅग्नेस थॉर्नबी नावाची इंग्रज बाई आदल्या दिवशी आपल्या वेताच्या खुर्चीत बसल्या बसल्या वारली. माणूस असं बसल्या जागी जाऊ शकतं. कादंबरीला मात्र कुणीतरी पाय फोडावे लागतात.

अ‍ॅग्नेस हे नाव चिंचणीच्या जिभेवर कधी बसलंच नाही. लोकांनी तिची ‘आगीनबाय’ केली. जशी आगीनगाडी, तशी आगीनबाय. विडीचा धूर सोडत निघाली की लाल बावटा दाखवला तरी थांबायची नाही. देश स्वतंत्र झाल्यावर साहेबलोक बोचकी बांधून बोटीत चढत होते, तेव्हा ही बया उलट्या बोटीने आली आणि चिंचणीच्या किनाऱ्यावर कौलारू घर भाड्याने घेऊन राहिली. तिकडे विलायतेत तिच्या दहा कादंबऱ्या गाजल्या होत्या. इथे ती वाळत घातलेल्या बोंबलांच्या वासात बसून अकरावी लिहीत होती.

त्या अकराव्या कादंबरीच्या चोरीसाठी पोलिसांनी हिराला धरलं. हिरा कोळीण, बाईच्या घरी येणारी-जाणारी. नुसती चोरीच नव्हे, तर बाईला भांग पाजून पाजून तिची बुद्धी भ्रष्ट केली आणि शेवटी त्या नशेतच तिचं हृदय बंद पडलं, असाही आरोप आला. गावात बातमी पसरायला काय लागतं? जिच्या हातून बाई मेली, तिच्या हातची मासळी कोण घेणार? हिराची पाटी बाजारात पुन्हा लागणार नव्हती, मग ती तुरुंगात जावो नाहीतर सुटून येवो. कोळणीच्या हाताला बट्टा लागला की तिचं सगळंच गेलं.

पालघरच्या कोर्टात तेव्हा विजया सावे नावाच्या एक वकीलबाई होत्या. बाई वकील हा प्रकार लोकांना सर्कशीतल्या हत्तिणीसारखा वाटायचा. बघायला गर्दी, पण वर बसायला कुणी तयार नाही. माहेर जव्हारचं, डोंगरातलं, सासर पालघरचं. पोलिसांच्या कागदात त्यांना एकच ओळ आवडली: ‘आरोपी उद्धट उत्तरे देते.’ उद्धट बायकांविषयी विजयाबाईंना पहिल्यापासून ममता होती. त्यांनी वकीलपत्र घेतलं आणि थेट कोठडी गाठली.

हिरा भिंतीला पाठ लावून बसली होती. अंबाड्यातलं फूल सुकलं होतं, पण मान ताठ होती.

“हिराबाई, पेटीतले कागद तुम्ही घेतलेत?”

“मी काय करू त्या कागदांचा? बोंबील बांधू?”

“आणि बाईंना भांग देत होतात, असं म्हणतात.”

हिरा ओठ मुडपून हसली. “फौजदार पन ह्येच इचारते. भांग कुठून आनते, भांग कुठून आनते. मी बोलली, भांग आनाय लागत नाय, भांग येतंय.”

“येतं? कोण आणून देतं?”

“माजा बापूस,” हिरा म्हणाली आणि तोंड फिरवून बसली. “मना चोर बोलली तुमची मान्सा. चोराला काय इचारता? शान्या मान्सांना इचारा.”

विजयाबाईंनी पुन्हा पुन्हा विचारून पाहिलं. भिंत बोलली असती, हिरा बोलली नाही. पण ‘मी दिली नाही’ असं काही ती म्हणाली नव्हती, आणि ते वकीलबाईंच्या मनात कुसळासारखं रुतून राहिलं.

२

आगीनबाईच्या घराच्या मागच्या खोलीत रामकिसन नावाचा फिटर राहायचा. माणूस परभणीकडचा. तारापूरला विजेच्या केंद्राचं बांधकाम निघालं तेव्हा ट्रंक उचलून आला आणि समुद्र पाहून, एवढं पाणी आणि पिता येत नाही म्हणून हळहळला. फौजदार पुंडलिकरावांचा पहिला साक्षीदार हाच.

“रोज भांग प्यायच्या बघा दोघी,” रामकिसन म्हणाला. “मले तर लई वाईट वाटायचं.”

“रोज?”

“रोज म्हणजे... मधून मधून.”

“तुम्ही पाहिलंत? वाटलेली पानं, दूध, गडवा?”

“पाह्यलं नाही. दार लावून बसायच्या ना.”

“मग उचलली जीभ लावली टाळ्याला!” विजयाबाई कडाडल्या. “रामकिसन, तुमच्या डोक्यानं काय ऐकलं ते नको. कानानं काय ऐकलं तेवढं सांगा. शब्द न् शब्द.”

रामकिसन खजील झाला, पण माणूस सरळ होता. डोळे मिटून आठवायला लागला.

“ती कोळीण येई, अन् ओसरीवरूनच ओरडे: ‘बाय, आज भांग हाय, आज बसू!’ की बाई आतून टाळ्या वाजवी. मग दोघी दिवसभर बसायच्या. हसणं काय, गाणं काय. मधेच ते मशीन खडाखडा वाजे. आता तुम्हीच सांगा वकीलबाई, भांग हाय, बसू, म्हणल्यावर माणूस दुसरं काय समजंल?”

चारचौघं ‘बसतात’ तेव्हा काय करतात, हे महाराष्ट्रात कुणाला शिकवावं लागत नाही. आपलीच अशील आपल्या तोंडाने भांगेची दवंडी पिटत होती, आणि ऐकणारा खोटं बोलत नव्हता.

“हे तुम्ही कुणाला सांगितलंत?”

“मी कशाला सांगू? बाई गेल्यावर दुसऱ्या दिवशी प्रोफेसर साहेब आले होते. त्यांनीच खोदून खोदून विचारलं, तेव्हा बोललो. त्यांच्यासंगटच मग चौकीत गेलो.”

“तुमचं सांगणं त्यांनी ऐकलं, असं ना?”

“हो. अन् ते म्हणाले, आपण स्वतःबी ऐकलंय म्हणून.”

३

प्राध्यापक खंडेराव बोईसरला स्टेशनजवळ खोली घेऊन राहिले होते. मुंबईच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवत आणि सुट्टी मिळेल तेव्हा इकडे येत. गोरे, नीटनेटके, जाकिटाच्या खिशात पेन. अ‍ॅग्नेस थॉर्नबीचं चरित्र लिहिण्यात त्यांनी तारुण्य घातलं होतं. टेबलावर हस्तलिखिताचा ढीग होता, त्यावर सुवाच्य अक्षरात मथळा: ‘अ‍ॅग्नेस थॉर्नबी: जीवन आणि साहित्य’.

“बसा,” ते म्हणाले आणि सांगायला लागले. सांगितलंही छान. खोटं कशाला बोला?

थॉर्नबी जन्मली इंग्लंडच्या उत्तरेला, हेरिंग मासळीच्या बंदरात. आई धक्क्यावर उभी राहून मासे चिरायची, आणि पोरगीही कोवळ्या बोटांना चिंध्या गुंडाळून तिच्या शेजारी उभी राहिली. धक्क्यावरच्या बायकांच्या शिव्या आणि गाणी तिने पहिल्या कादंबरीत जशीच्या तशी घातली. छापणाऱ्यांना कादंबरी पसंत पडली, बाई पसंत पडली नाही. पुस्तकावर पुरुषाचं नाव छापलं. दुसऱ्या वेळी ती म्हणाली, माझं नाव घाला नाहीतर कागद परत द्या. नाव आलं. मग ते असं गाजलं की मोठमोठे टीकाकार तिच्या दारात. हिंदुस्थानात आल्यावर प्रकाशकाने निरोप धाडला की आता हत्ती, राजे, साप येऊ द्या. तिने उलट लिहिलं की माझ्या दाराशी बोंबील आहेत.

“असली बाई!” विजयाबाई न राहवून म्हणाल्या.

“होती,” खंडेराव म्हणाले, आणि त्यांचा चेहरा आंबट झाला. “शेवटची वर्षं पाहवत नव्हती. माझ्याशी साहित्यावर दोन वाक्यं बोलायची नाही. त्या अडाणी कोळणीबरोबर दार लावून. मी शेवटच्या प्रकरणाचं नावच ‘अखेरचा अंधार’ ठेवलंय.”

“तुम्ही भांगेविषयी स्वतः ऐकलंत?”

“माझ्या कानांनी. ती वारली त्याच दुपारी मी तिथे गेलो होतो. फाटकातच होतो, आणि ती हिरा ओसरीवरून ओरडली: ‘बाय, आज भांग हाय, आज बसू!’ आत गेलो तर बाईंची नजर तारवटलेली, जीभ जड. हिरा तिथेच ठाण मांडून.”

“आणि कादंबरी?”

“पेटीत होती. बाईंनी मला न्या म्हणून सांगितलं. पण सर्वपित्री अमावस्या होती. म्हटलं, इतकं मोलाचं काम, अवसेला हात लावायचा नाही. घटस्थापनेला नेतो.” खंडेरावांनी सुस्कारा टाकला. “माझी श्रद्धा मला नडली, वकीलबाई. तेवढ्या वेळात तिने डाव साधला.”

इतक्यात दारात एक उंच, उन्हाने लाल झालेला साहेब आला. लंडनच्या प्रकाशकाकडून आलेला विल्मट. विजयाबाईंनी इंग्रजीत चौकशी केली. तो म्हणाला, पुस्तक गेल्याचं ऐकून धक्का बसला होता, पण प्रोफेसरांनी मोठा दिलासा दिला आहे. बाई त्यांना सगळं सांगत असत, त्यामुळे ते आठवणीतून पूर्ण कादंबरी पुन्हा उभी करणार आहेत. नाताळाच्या आत.

दोन वाक्यं बोलत नसे, आणि अख्खी कादंबरी सांगत असे! विजयाबाईंना खंडेरावांच्या दोन्ही बोलण्यांची गाठ घालता येईना. पण संशयाने कुणी सुटत नसतं. एक सभ्य प्राध्यापक आणि एक सरळ फिटर, दोघांनी एकच वाक्य ऐकलं होतं, आणि ते वाक्य हिराला तुरुंगात टाकायला पुरेसं होतं.

४

त्यांनी हिराला जामिनावर सोडवलं आणि म्हणाल्या, “माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नका. पण तुमच्या बंदरावर मला यायचंय.”

“या की. दर्या काय माजे बापाचा हाय?” हिरा म्हणाली. पण स्वतः बाजाराकडे न जाता मागच्या पायवाटेने घरी गेली. कोठडीत ताठ बसलेली बाई आपल्याच गावात आडवाटेने चालत होती.

नवरात्रातली अष्टमी होती. विजयाबाईंना वाटलं होतं, बंदरावर पाय ठेवायला जागा नसेल. बघतात तर काय, होड्या वाळूत कलंडलेल्या. पुरुष जाळी सांधत बसलेले, बायका सावलीत पाय पसरून गप्पा मारत होत्या. समुद्र समोर सपाट पडला होता, परातीत ओतलेल्या पेजेसारखा.

जमना नावाची जाडजूड कोळीण सगळ्यांत मोठ्याने बोलत होती. बाजारात हिराची जागा हिच्या शेजारची. आणि हिरा धरली गेल्यावर पाटी बाजूला सारणारी पहिली हीच.

“काय गं बायांनो, आज सुट्टी का? देवीचा उपास?” विजयाबाईंनी विचारलं.

“उपास कनाचा? पोट काय उपास धरतंय?” जमना म्हणाली. “आज भांग हाय. मासली नाय, धंदा नाय. बसलो.”

विजयाबाई जागच्या जागी थिजल्या.

“काय म्हणालात?”

“भांग, भांग! पानी मेलाय. ना धड भरती, ना धड सुकती. जाल्यात मासली शिरंल कशी, पान्याला ओढच नाय तं? अष्टमी-नवमीला भांग, अवस-पुनवेला उधान. तुमचे डोंगरात ह्या बी शिकवत नाय?”

विजयाबाई मटकन वाळूत बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. जमनाला वाटलं, वकीलबाईला लागलं काहीतरी. भांग! परभणीच्या रामकिसनला भांग म्हणजे होळीची, पोलिसांना भांग म्हणजे कलमाची, जव्हारच्या विजयाला भांग म्हणजे डोक्यातला नाहीतर लोट्यातली. आणि कोळीवाड्यात भांग म्हणजे पंधरवड्याने येणारं मेलेलं पाणी, हिराच्या ‘बापसाने’, दर्याने आणलेलं! त्या दिवशी कोळणीला मासळी नाही, बाजार नाही, अख्खा दिवस मोकळा. म्हणून हिरा ओरडत यायची, आज भांग हाय, आज बसू. बसायचं कशाला, तर बोलायला. हिराने सांगायचं आणि आगीनबाईने लिहायचं.

मग त्यांचं हसू एकदम थांबलं.

“जमनाबाई, सर्वपित्री अमावस्येला हिरा कुठे होती?”

“अवशीला?” जमनाने त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू त्यांनी सूर्य कुठे होता असं विचारलं. “कुठं असंल? उधान ना त्या दिशी! होऱ्या भरून आलेल्या. मान वर कराला फुरसद नाय. ती न् मी एकच टोपल्यासाठी भांडली. झिंज्या धरल्या मी तिच्या.”

“हे पोलिसांना का नाही सांगितलंत?”

“मना कोनी इचारला?” जमना गुरकावली, मग नजर खाली घालून वाळूत रेघा मारायला लागली. “न् मी मनात बोलली, बरी खोड मोडली हिराची. तवा तं तसाच वाटला मना.”

विजयाबाई उठल्या, लुगड्याची वाळू झटकली आणि फौजदारांकडे निरोप धाडला: दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आगीनबाईच्या ओसरीवर सगळ्यांना बोलवा. प्रोफेसरांना सांगा, विल्मट साहेबांना दाखवायचं काम असेल ते बरोबर आणा.

५

ठरल्या सकाळी ओसरी भरली. वेताच्या रिकाम्या खुर्चीत कुणी बसलं नाही. फौजदार पुंडलिकराव घाम पुसत होते. रामकिसन खांबाला टेकून उभा होता, विल्मट टोपीने वारा घेत होता. खंडेराव मांडीवर चामडी बॅग घेऊन बसले होते. हिरा आली, जमनाही मागून आली.

“फौजदारसाहेब,” विजयाबाईंनी सुरुवात केली, “नारायणरावांच्या वेळी ‘ध’चा ‘मा’ झाला, ते निदान कुणीतरी मुद्दाम केलं. इथे तर एक अक्षरही बदललं नाही, नुसता मुलूख बदलला.”

आणि त्यांनी भांगेची फोड करून सांगितली. रामकिसनने कपाळावर हात मारून घेतला. “अगं माय! पाण्याची भांग?” फौजदार हिराकडे वळले.

“मग हे तू मला का नाही सांगितलंस?”

“सांगितली की. भांग येतंय बोलली. तुमी लिवला, उद्धट हाय,” हिरा म्हणाली. “मंग कोठडीत कललं मना, ही मान्सा कंची भांग बोलतात. पन तवर तुमी मना चोर बोलून बसलेली. चोर बोलनाऱ्याला मी समजवीत बसू? मी नाय बसनार!”

खंडेराव हसले. “गैरसमज असेल. मलाही तोच झाला. मी ऐकलं ते प्रामाणिकपणे सांगितलं.”

“तिथेच तर घोटाळा आहे, प्रोफेसर,” विजयाबाई म्हणाल्या. “रामकिसननं ऐकलं ते खरं ऐकलं. त्यानं ते कधीतरी अष्टमी-नवमीला ऐकलं असणार. तुम्ही मात्र ते ऐकलंत सर्वपित्री अमावस्येला.”

“मग?”

“अमावस्येला उधाण असतं. त्या दिवशी ‘आज भांग हाय’ असं कोळीण म्हणेल? भर दुपारी ‘आज चांदणं पडलंय’ असं तुम्ही म्हणाल का? हे वाक्य त्या दिवशी कुणाच्याही तोंडातून निघणं शक्य नव्हतं. ते तुम्ही रामकिसनकडून दुसऱ्या दिवशी उचललंत आणि हिराच्या तोंडात घातलंत. नेमका दिवस तेवढा चुकला. आणि हिरा तर त्या दुपारी बंदरावर होती.”

“माज्या हातात तिची झिंजी होती,” जमनाने मागून ग्वाही दिली.

“मी दिवसाबाबत चुकलो असेन,” खंडेराव म्हणाले.

“कसे चुकाल? अवस होती म्हणून कागदांना हात लावला नाही, असं तुम्हीच सांगितलंत. एका खोट्याला टेकू म्हणून दुसरं लावलंत आणि दोन्ही एकमेकांच्या अंगावर पडली. हिरा इथे नव्हती. म्हणजे त्या दुपारी या घरात बाई होत्या आणि तुम्ही होतात. बोलत नसलेल्या बाईची कादंबरी तुम्ही आठवणीतून नाताळाच्या आत उभी करणार आहात. फौजदारसाहेब, ती बॅग उघडायला सांगा. आठवण केवढी जाड आहे ते पाहू.”

खंडेरावांनी बॅग छातीशी धरली. मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनी ती स्वतःच उघडली आणि टाइप केलेला गठ्ठा खुर्चीत ठेवला.

“मी तिला मारलं नाही,” ते म्हणाले. “मी आलो तेव्हा ती गेलेली होती. या खुर्चीत. हात गार.”

“आणि तुम्ही कुणाला हाक मारली नाहीत.”

“पेटी उघडी होती. वरचं पान पाहिलं. नाव वाचलं. अ‍ॅग्नेस थॉर्नबी आणि हिरा! तारुण्य घातलं मी तिच्यापायी. तिची ओळ न् ओळ पाठ केली. मला ती ‘मिस्टर के’ म्हणायची आणि हिला ‘पार्टनर’. जिला अक्षर वाचता येत नाही, तिचं नाव तिच्या नावाशेजारी? जगात हसू झालं असतं तिचं. मी तिला वाचवत होतो.”

“तुम्ही तिला मेलेली टाकून गेलात,” विजयाबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज इतका चढला की रामकिसनही खांबापासून सरकला. “रात्रभर बाई एकटी या खुर्चीत होती. सकाळी हिरानं पाहिली आणि गाव गोळा केलं. तुम्ही तिचं जीवन लिहिता म्हणे! मरण आलं तर साधी चादर ओढावीशी वाटली नाही तुम्हांला.”

हिरा पुढे झाली. सगळ्यांना वाटलं, आता ही त्यांच्या थोबाडीत देते. तिने खुर्चीतले कागद उचलले, पदराने पुसले आणि काखेत मारले.

६

फौजदार प्राध्यापकांना आत घेऊन गेले, तसा विल्मट पुढे सरसावला. साहेब खूश होता. विजयाबाईंना म्हणाला, पुस्तक आम्ही छापतो, थाटात छापतो. बाईंचं हे सर्वांत उत्तम काम असणार. फक्त ते दुसरं नाव तेवढं काढावं लागेल. वाचकांना ते उच्चारता यायचं नाही, आणि खरं सांगायचं तर या बाईला स्वतःचं पुस्तक वाचताही येत नाही.

विजयाबाईंना राग गिळणं जड गेलं, पण त्यांनी शब्दाला शब्द लावून सगळं हिराला सांगितलं.

हिराने साहेबाला वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं. “त्याला बोला, मना वाचता येत नाय, पन बोलता येतंय. मी बोलली नसती तं बाय काय लिवनार व्हती? बाय बोलायची, हिरा, अर्धा तुजा अर्धा माजा. भांगाचे दिशी माजी मासली नाय गेली, माजा जीव गेला त्याच्यात. माजा नवरा बुडाला ते हाय त्याच्यात, माजी पोर गेली ते हाय. नाव काढायचा तं समदा काढ. मंग कोरी पाना छाप न् घाल बाजारात!”

विजयाबाईंनी तेही शब्दाला शब्द लावून साहेबाला सांगितलं. वर आपल्या पदरचं एक वाक्य जोडलं: दोन्ही नावं नसतील तर पुस्तक चिंचणीबाहेर जाणार नाही, आणि तसा दावा लढवायला मी पालघरला बसलेली आहे. विल्मट म्हणाला, लंडनला विचारावं लागेल.

“विचारा,” विजयाबाई म्हणाल्या. “आम्हांला घाई नाही.”

साहेब टांग्यात बसून बोईसरच्या वाटेला लागला. फौजदार प्राध्यापकांना हवालदाराच्या ताब्यात देऊन बाहेर आले आणि मोठ्या मनाने म्हणाले, “जा हिरा, सुटलीस. तुझ्यावरचं सगळं काढून टाकतो.”

“सुटली?” हिरा जागची हलली नाही. “सुटतंय तो चोर. मी कदी अडकली? तुमी मना बाजारातून नेली, फौजदारसाहेब. पुढं हवालदार, मागं हवालदार, न् सगली बघत व्हती. आता मी मागच्या वाटेनी घरी जाऊ? चला.”

“कुठे?”

“बाजारात.”

पुंडलिकरावांनी विजयाबाईंकडे पाहिलं. वकीलबाई पायातली चप्पल सारखी करण्यात गुंतल्या होत्या. फौजदारांनी एकदा टोपी काढली, पुन्हा घातली, आणि निघाले.

भांग सरून होड्या पुन्हा भरून यायला लागल्या होत्या. भर बाजाराची वेळ. पुढे हिरा, काखेत कागदांचा गठ्ठा. मागे फौजदार, त्यांच्या मागे विजयाबाई, आणि शेवटी जमना. लोक पाट्या सोडून उभे राहिले. भाव करणाऱ्या बायका अर्ध्यात थांबल्या. मासळीच्या रांगेत हिराची जागा होती तिथे कुणाची तरी पाटी आली होती. जमनाने ती पायाने बाजूला सारली आणि ओरडली, “उठा गं! बघता काय?”

हिरा आपल्या जागेवर बसली. कागद मांडीवर घेतले, पदर खोचला.

“बोला आता,” ती फौजदारांना म्हणाली. “मोठ्यान बोला. त्या टोकाला ऐकू गेला पायजे.”

फौजदारांनी घसा खाकरला, टोपी काखेत घेतली, आणि बोलले.